काखेतला घाम आणि सुयांचे मशीन : उपयोग कोणाला, कोणाला नाही

स्किन क्लिनिकच्या जाहिरातींत पूर्वी केस, मुरुमांचे खड्डे आणि वांग एवढेच असायचे. आता त्यात घामाची भर पडली आहे. ‘अति घामापासून कायमची सुटका, ना ऑपरेशन ना गोळ्या’ अशा ओळीखाली बारीक सुयांचे एक चौकोनी टोक दाखवलेले असते. या उपचाराचे नाव रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंग. क्लिनिकमध्ये त्याला ‘एमएनआरएफ’ म्हणतात. उपचार खोटा नाही. पण तो काखेतल्या घामासाठी आहे, तळहात-तळपायांसाठी नाही. तो पहिला उपाय नाही. आणि ‘कायमची’ हा शब्द छातीठोकपणे वापरावा एवढा पुरावा अजून जमलेला नाही. या तीन गोष्टी जाहिरातीत नसतात.

घाम किती म्हणजे जास्त?

मे महिन्यात कोकण-गोव्यात किंवा आपल्याकडे वळवाच्या आधी घामाने शर्ट भिजणे हा काही आजार नव्हे. शरीर थंड ठेवण्याची ती सोयच आहे. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांना मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत हुकूम येतो. काही जणांत हा हुकूम गरज नसताना येत राहतो. पंख्याखाली बसलेले असतानाही काखा ओल्या, तळहातातून थेंब गळतात, पेपर लिहिताना उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागतो. याला वैद्यकीय भाषेत हायपरहायड्रोसिस म्हणतात. ग्रंथी संख्येने जास्त नसतात, त्या जास्त काम करतात एवढेच.

डॉक्टर निदान कसे करतात? दुसरे काही कारण न सापडता सहा महिन्यांहून अधिक काळ ठरावीक जागी घाम येतोय का, हे पहिले. मग दोन्ही बाजूंना सारखाच येतो का, आठवड्यातून एकदा तरी त्रास होतो का, पंचविशीच्या आत सुरू झाला का, घरात आणखी कोणाला आहे का, रोजच्या कामात अडचण येते का, आणि झोपेत तो थांबतो का, हे विचारतात. यातल्या दोन किंवा अधिक गोष्टी जुळल्या तर हा मूळचाच घामाचा आजार समजतात. यातला झोपेचा प्रश्न फार महत्त्वाचा. दिवसभर हात गळतात पण रात्री कोरडे, असे असेल तर बहुधा घाबरण्यासारखे काही नाही.

उलट रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन उतरणे असेल तर स्किन क्लिनिकमध्ये जाऊच नका, आधी फिजिशियनकडे जा. क्षयरोगात असे होते, काही रक्ताच्या कर्करोगांतही होते. चाळिशीनंतर अचानक सुरू झालेला सगळ्या अंगाचा घाम, छातीत धडधड, हाताला कंप असेल तर थायरॉईड तपासावे लागते. मधुमेहाच्या रुग्णाला साखर एकदम उतरली की दरदरून घाम फुटतो. मासिक पाळी थांबण्याच्या वयात बायकांना गरम वाफा येतात तो प्रकार वेगळा. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. अशा घामावर काखेत सुया मारून काय उपयोग? कारण तसेच राहते, आणि निदान लांबते ते वेगळेच.

त्रास किती आहे हे मोजायला चार पायऱ्यांची एक साधी मोजपट्टी वापरतात. घाम जाणवतच नाही आणि कामात कधी आडवा येत नाही म्हणजे १. सहन होतो, पण कधीमधी अडचण करतो म्हणजे २. जेमतेम सहन होतो आणि वरचेवर आडवा येतो म्हणजे ३. सहनच होत नाही, सतत अडवतो म्हणजे ४. तीन किंवा चार असेल तर उपचारांचा विचार करायचा. ही मोजपट्टी लक्षात ठेवा, पुढे मशीनचा हिशेब याच आकड्यांत येणार आहे.

मशीन नेमके काय करते

हँडपीसच्या टोकाला केसासारख्या बारीक सुया ओळीने बसवलेल्या असतात, काही यंत्रांत सात गुणिले सात अशा ४९. टोक त्वचेवर टेकवून बटण दाबले की सुया ठरवलेल्या खोलीपर्यंत आत जातात आणि क्षणभर त्यांच्यातून रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडला जातो. तिथल्या पेशींच्या रोधामुळे उष्णता तयार होते आणि आजूबाजूचा भाग शिजल्यासारखा गोठतो. घामाच्या ग्रंथी त्वचेच्या तळाशी, चरबीचा थर सुरू होतो तिथे असतात. म्हणून काखेसाठी सुया दोन-तीन मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या खोल नेतात. चेहऱ्याच्या खड्ड्यांसाठी एवढे खोल जायची गरज नसते. बऱ्याच यंत्रांत सुईचा वरचा भाग आवरणाने झाकलेला असतो, म्हणजे उष्णता फक्त टोकाशी निघते आणि वरची कातडी भाजत नाही.

नष्ट झालेली ग्रंथी परत उगवत नाही, ‘कायमची सुटका’ हा दावा इथून येतो. पण एका बैठकीत सगळ्या ग्रंथी सापडत नाहीत. सुया ठिपक्या-ठिपक्यांनी जातात, मधली जागा सुटते. उरलेल्या ग्रंथी काम करतच राहतात. शरीर तापेल का, ही भीती मात्र नको. काखेत एकूण ग्रंथींपैकी साधारण दोन टक्केच असतात असे मानले जाते, बाकीचे अंग आपले काम करते.

इथे एक फरक पक्का समजून घ्या. नुसते मायक्रोनीडलिंग किंवा डर्मारोलर म्हणजे फक्त टोचणे. त्यात उष्णता नाही, त्यामुळे घामावर परिणाम नाही. सुयांशिवाय वरून फिरवायचे ‘आरएफ’ मशीन पार्लरमध्येही असते. तेही यासाठी नव्हे. नावे सारखी असल्याने एकाचे पैसे घेऊन दुसरेच केले तरी ग्राहकाला कळत नाही.

पुरावा काय सांगतो

या उपचाराचा पहिला ठळक अभ्यास २०१३ मध्ये दक्षिण कोरियातून आला. काखेचा घाम असलेले २० रुग्ण, चार आठवड्यांच्या अंतराने दोन बैठका. त्रासाची सरासरी मोजपट्टीवर तीनच्या वरून दोनच्या खाली आली आणि त्वचेचा तुकडा तपासला तेव्हा ग्रंथी संख्येने आणि आकाराने कमी झालेल्या दिसल्या. २०१५ मध्ये इराणमधल्या डॉक्टरांनी २५ जणांवर चांगली युक्ती केली. प्रत्येकाच्या एका काखेत खरा उपचार, दुसऱ्या काखेत नुसते नाटक. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका झाल्या आणि खऱ्या बाजूचा घाम स्पष्ट कमी झाला. म्हणजे मनाचा खेळ नाही, उपचाराचाच परिणाम.

पण आकडे पाहा. २० जण, २५ जण. आपल्याकडे एखाद्या गल्लीच्या गणेश मंडळात याहून जास्त सभासद असतात. पुढे वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा काहींचा घाम पुन्हा वाढल्याचेही दिसले. थायलंडमध्ये २०२० मध्ये एकाच रुग्णाच्या एका काखेत बोटॉक्सचे इंजेक्शन आणि दुसऱ्या काखेत हे मशीन अशी तुलना झाली. फरक दोन्हीकडे पडला, मात्र १२ आठवड्यांनी बोटॉक्सची बाजू सरस निघाली. बोटॉक्सचा असर काही महिन्यांनी उतरतो आणि इंजेक्शन परत घ्यावे लागते, हे त्याचे उणे. म्हणून मशीनचे वर्णन ‘बऱ्याच जणांचा घाम निम्म्यावर आणणारा, काहींना वर्षभर पुरणारा, काहींना न पुरणारा’ असे केले तर ते खऱ्याच्या जवळ जाईल.

तळहाताचे काय?

सीमाभागात घामाचा प्रश्न विचारणाऱ्यांत तळहाताच्या घामाने हैराण झालेली मुले-मुली कमी नाहीत, आणि या मशीनबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमजही इथेच आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात सैन्यभरतीची तयारी करणारी मुले गावोगाव आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात. यूपीएससीच्या एनडीए परीक्षेच्या अधिसूचनेला जोडलेल्या वैद्यकीय निकषांत हाताच्या घामाचा स्पष्ट उल्लेख असतो. तपासणीच्या वेळी थोडा घाम येणे स्वाभाविक मानले आहे, पण तळहात किंवा तळपायांना लक्षणीय घाम असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. धावणे, छाती, डोळे सगळे जमून हातावरून परत यावे लागणे म्हणजे काय, हे त्या घरालाच कळते.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हाच घाम वेगळ्या रूपात भेटतो. फिनिश ग्राइंडिंग झालेल्या पार्टला ओला हात लागला की दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून उमटतात. अशा कामगाराला पॅकिंगला हलवतात, आणि कारण कोणी कागदावर लिहीत नाही. रेशन दुकानात अंगठा न उमटणे, हस्तांदोलन टाळणे, मुलगी बघायला आल्यावर रुमाल मुठीत धरून बसणे हेही त्याच यादीतले.

या सर्वांना सुयांचे मशीन उपयोगाचे नाही. तळहाताची कातडी जाड, नसांचे जाळे दाट, वेदना जास्त. अभ्यास जे झाले ते मुख्यतः काखेचे. कोणी ‘हातालाही करून देतो’ म्हणाले तर उठून या.

हात-पायांसाठी खरा उपाय आयन्टोफोरेसिस. नळाच्या पाण्याच्या दोन उथळ ट्रेमध्ये हात किंवा पाय बुडवून त्यातून साधारण १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह २०-३० मिनिटे सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, कोरडेपणा आला की आठवड्याला एकदा किंवा त्याहून कमी. झिणझिण्या येतात, बाकी फारसा त्रास नाही. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र घ्यायचा नाही. घरी वापरायची यंत्रेही मिळतात, पण पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. चिकाटी लागते. बंद केले की घाम परत येतो, त्यामुळे भरतीची तारीख आठवड्यावर आल्यावर सुरू करून उपयोग नाही.

छातीत दुर्बिणीने नस तोडण्याची शस्त्रक्रियाही आहे. त्याने हात लगेच कोरडे पडतात. पण अनेकांना त्याबदल्यात पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम सुटू लागतो आणि तो मागे घेता येत नाही. विशीतल्या मुलाला भरतीसाठी म्हणून घाईने तिकडे नेऊ नये. शस्त्रक्रियेचा वैद्यकीय तपासणीवर काय परिणाम होईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

स्वस्त पायऱ्या आधी

काखेच्या घामासाठी सुरुवात अॅल्युमिनियम क्लोराईडच्या लोशनने होते, साधारण २० टक्के ताकदीचे. काही शे रुपयांत महिना निघतो. मशीनपर्यंत पोचलेल्यांपैकी कित्येकांनी हे लोशन ‘वापरून पाहिले, आग होते, सोडले’ असे सांगितलेले असते, आणि विचारले तर सकाळी अंघोळ करून ओल्या काखेत लावलेले असते. पाण्याशी संयोग झाला की त्यातून आम्ल तयार होते, आग होणारच. ते रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावायचे आणि सकाळी धुवायचे. दाढी केलेल्या, काख भादरलेल्या दिवशी नाही. घाम कमी झाला की रोजचे आठवड्यातून एक-दोनदा करायचे. आपल्या घरातली तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार, त्यामुळे ती फिरवायची जुनी पद्धत अगदीच वेडगळ नाही. वासाला ती बरी, पण गळणाऱ्या घामाला पुरत नाही. सेंटचा फवारा तर फक्त वास झाकतो.

त्यानंतर गोळ्या. ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन यांनी सगळ्या अंगाचा घाम कमी होतो. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वयस्कर पुरुषांना लघवी अडते. फाउंड्रीत भट्टीसमोर काम करणाऱ्याने किंवा उन्हात शेती करणाऱ्याने या गोळ्या डॉक्टरांना कामाचे स्वरूप न सांगता घेतल्या तर ऊष्माघाताचा धोका असतो, कारण अंग थंड करणारा घामच थांबलेला असतो. मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

मग बोटॉक्स. काखेसाठी अमेरिकेच्या एफडीएने त्याला २००४ मध्येच मान्यता दिली आहे. एका काखेला ५० युनिट, म्हणजे १०० युनिटची एक बाटली दोन्हींना पुरते. असर साधारण सहा-सात महिने, काहींना जास्त. मशीनचा नंबर साधारण इथे, या सगळ्यानंतर किंवा बोटॉक्सच्या जोडीला पर्याय म्हणून लागतो. लोशन नीट वापरूनही मोजपट्टीवर तीन-चार राहणारा, गोळ्या न झेपणारा, वर्षाला दोन वेळा इंजेक्शन नको असणारा रुग्ण हा त्याचा खरा गिऱ्हाईक.

त्या दिवशी काय होते

आधी काखेला आयोडीन लावून त्यावर स्टार्चची पूड टाकतात. घाम जिथे येतो तिथे काळानिळा रंग उमटतो आणि तेवढीच जागा आखून घेतात. ही चाचणी १९२८ पासून चालत आलेली आहे, खर्च नाममात्र. ती न करता अंदाजाने सुया मारणाऱ्याला कारण विचारा. मग बधिरतेचे मलम पाऊण-एक तास, कधी जोडीला इंजेक्शन. प्रत्यक्ष काम दोन्ही काखांचे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन ते तीन, कधी चार बैठका.

नंतर काही दिवस लाली, सूज, हात वर करताना ठणका. सैल सुती कपडे घालायचे, डिओ, जिम, कढत पाण्याची अंघोळ बंद. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला काळे डाग पडण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त, ते उतरायला महिने लागतात. जखमेचे जाड वण उठण्याची प्रवृत्ती असेल, काखेत गळू किंवा गजकर्ण असेल, पेसमेकर असेल, दिवस गेले असतील तर हा उपचार करू नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे.

किरकोळ त्रासापुरतेच हे प्रकरण राहील असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या प्रकारच्या यंत्रांबाबत जाहीर इशारा दिला. भाजणे, वण, चरबी झिजून खड्डा पडणे, नसेला इजा, चेहरा विद्रूप होणे आणि दुरुस्तीसाठी शस्त्रक्रिया करावी लागणे अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी किंवा सौंदर्यप्रसाधन म्हणून करायची गोष्ट नाही, असे त्यांनी बजावले. त्या तक्रारी घामाच्या उपचारापुरत्या नव्हत्या, पण सुया आणि वीज तीच. शिवाय काखेतून हाताच्या मोठ्या नसा जातात.

बिल आणि कागद

दर विचारताना ‘एका बैठकीचे किती’ असे विचारू नका. तीन बैठका, बधिरतेचा खर्च, प्रत्येक वेळचे सुयांचे टोक आणि तपासणी फी मिळून एकूण किती, ते विचारा आणि त्या रकमेला जितके महिने आराम अपेक्षित आहे त्याने भागा. बोटॉक्सचाही तसाच हिशेब करा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. पॅकेजचे सगळे पैसे आधी भरू नका. पहिल्या बैठकीनंतर महिनाभराने मोजपट्टीवर एका पायरीचाही फरक नसेल तर पुढचे पैसे थांबवता आले पाहिजेत. आणखी एक बारीक बाब. वैद्यकीय उपचारावर जीएसटी नाही, सौंदर्योपचारावर तो लागतो. घामाचा आजार हे निदान आहे. निदान चिठ्ठीवर लिहून घ्या आणि बिलात कर लावला असेल तर तो कशापोटी, हे विचारा. विम्याच्या दाव्यालाही तीच चिठ्ठी लागते, पण कंपनी मंजूर करेलच असे धरून चालू नका.

सुयांचे टोक एका रुग्णाला एकदाच वापरायचे असते. कावीळ-बी आणि एचआयव्हीचा प्रश्न आहे. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, यात लाजण्यासारखे काही नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे, ती पाहा. डॉक्टर त्वचारोगाचे एमडी किंवा पदविकाधारक आहेत का, हे राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तपासता येते. संमतिपत्र आपल्याकडे कन्नड किंवा इंग्रजीत पुढे येते. समजत नसेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. बिम्स, केएलई, गोव्यात बांबोळीचे जीएमसी, कोल्हापूरचे सीपीआर, मिरजेचे शासकीय रुग्णालय इथल्या त्वचारोग विभागांत निदान आणि पहिल्या पायऱ्यांचे उपचार कमी खर्चात होतात. निदान तिथे करून मग खासगीत जाणे केव्हाही बरे. आणि बैठका महिनाभराच्या अंतराने असल्याने, पुण्या-बेंगळूरला जाऊन करण्याआधी काही बिघडले तर कोणाला दाखवणार, हे ठरवून ठेवा.

भाजले, फोड आले, हाताला बधिरपणा राहिला तर त्याच दिवशी फोटो काढा, बिल आणि टोकाच्या पाकिटावरचा लॉट नंबर जपून ठेवा. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजेची नोंद घ्यायला २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो आणि रुग्ण स्वतःही तिथे कळवू शकतो. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत.